‘मी रोबोट नाही’ असं दहादा सांगूनही खातं उघडत नाही, तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गेवराई तालुक्यातल्या तुमच्या गावातून तुम्ही मोबाइलवर खरेदी करता. पंधरा दिवसांपासून खातं उघडायला गेलं की ‘मी रोबोट नाही’वर खूण करा, मग सिग्नल ओळखा, मग बस ओळखा, मग झेब्रा क्रॉसिंग, असं आठ-दहा वेळा चालतं. त्यातून पार पडलं की ओटीपी मागतात, आणि तो ओटीपी मिस्टरांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो. पुतण्या म्हणतो, एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं की चित्रांचं काम आपोआप होतं. शेवटी तुम्ही हेही विचारलंय की जाऊबाईंना घरबसल्या कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे तपासायची अक्षरं-चित्रं, टाइप करायचं काम आलंय, ते घ्यावं का. आणि या सगळ्याच्या मागं तुमची भीती एकच, की खातं कुणी हॅक तर केलं नाही ना.

आधी भीतीचं बोलू. चित्रं ओळखायला सांगणं हे खातं हॅक झाल्याचं लक्षण नाही. हॅक झालेल्या खात्याची लक्षणं वेगळी असतात. तुम्ही न मागवलेली ऑर्डर दिसते, पत्त्यांच्या यादीत अनोळखी पत्ता असतो, पासवर्ड किंवा ईमेल बदलल्याचा निरोप येतो, नाहीतर तुम्ही लॉगिन करत नसतानाही ओटीपी येत राहतात. खात्यात जाल तेव्हा ऑर्डरी, पत्ते आणि कुठल्या कुठल्या फोनवर खातं उघडं आहे ती यादी, या तीन गोष्टी बघून घ्या. तिथं काही वावगं नसेल तर निवांत राहा. हा सगळा प्रकार दाराशी कोण आलंय हे बघण्याचा आहे, घरात कुणी शिरल्याचा नाही.

माजलगावात मी सतरा वर्षं सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेल्वेचं तिकीट, सगळीकडं कॅप्चा आहेच, त्यामुळं दिवसाला शंभरेक तरी नजरेखालून जातात. खरेदीच्या खात्यांसाठी लोक माझ्याकडं येतात ते बहुतेक वेळा वैतागून, चार-पाच दिवस घरी झगडून. आणि जवळपास प्रत्येकाचा समज एकच असतो, की आपलं चित्र ओळखायला चुकतंय. मला सगळ्यात आधी हाच समज काढावासा वाटतो. चित्र बरोबर ओळखलं तरी पुन्हा दुसरं येतं, याचा अर्थ बहुतेक वेळा तुमचे डोळे चुकलेले नसतात. तुम्ही ज्या वाटेनं आलात ती वाट त्या यंत्रणेला संशयाची वाटते.

हे नीट समजायला थोडं मागं जावं लागेल. समोरचा माणूस आहे की यंत्र, हे नुसत्या संवादावरून ओळखता येईल का, असा विचार अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानं १९५० साली मांडला. पुढं इंटरनेट आलं आणि प्रश्न उलटा झाला. आता माणूस कोण हे यंत्राला ओळखायचं होतं. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या मोठ्या सर्च इंजिननं, यंत्रं आपोआप वेबसाइटचे पत्ते भरून टाकतात म्हणून वेडीवाकडी अक्षरं वाचायला लावायला सुरुवात केली. २००० सालच्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर काम केलं, आणि कॅप्चा हे नावही त्यांनीच दिलं. २००७ मध्ये रीकॅप्चा आला. त्यात जुन्या पुस्तकांतले, वर्तमानपत्रांतले संगणकाला न वाचता आलेले शब्द लोकांना टाइप करायला देत. लॉगिनही व्हायचं आणि पुस्तकही संगणकात उतरायचं. २००९ मध्ये गुगलनं तो विकत घेतला. पुढं यंत्रंच ती अक्षरं माणसाइतकी छान वाचायला लागली, आणि २०१४ च्या डिसेंबरात ‘मी रोबोट नाही’ हा चौकोन आला.

या चौकोनात खूण करणं यंत्रालाही सहज जमतं. म्हणून खरी तपासणी खुणेची नसतेच. तुम्ही कुठल्या नेटवर्कवरून आलात, ब्राउझर कुठला, त्यात तुमची आधीची काही ओळख आहे का, बोट किंवा माउस कसा हलला, अशा खुणा गोळा करून यंत्रणा मनाशी अंदाज बांधते. अंदाज चांगला असला तर नुसत्या खुणेवर सोडते, शंका असली तर चित्रं देते, शंका फार असली तर चित्रांवर चित्रं देते. २०१८ मध्ये आलेल्या रीकॅप्चाच्या तिसऱ्या आवृत्तीत तर चित्र नाही, चौकोनही नाही. मागच्या मागं शून्य ते एकच्या दरम्यान गुण दिले जातात आणि पुढं काय करायचं ते दुकान ठरवतं. क्लाउडफ्लेअर या कंपनीचा २०२२ पासूनचा प्रकार आहे, त्यात नुसतं एक वर्तुळ फिरतं आणि थोड्या वेळानं बरोबरची खूण येते. ते फिरत असताना लोक घाईनं पान परत परत लोड करतात आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते. तिथं हात जोडून पाच-दहा सेकंद थांबायचं.

दुकानं एवढी काळजी का घेतात, हेही सांगतो, कारण ही काळजी तुमच्याच कामाची आहे. एखाद्या भलत्याच साइटवरून लाखो लोकांचे ईमेल आणि पासवर्ड चोरीला जातात. चोर ती यादी घेतात आणि यंत्राकरवी एकेक जोडी खरेदीच्या साइटवर टाकून बघतात. आपल्याकडं बहुतेकांचा पासवर्ड सगळीकडं एकच असतो, आणि तो मुलाचं नाव आणि जन्मसाल असाच असतो, त्यामुळं शेकड्यात एखादं जरी कुलूप उघडलं तरी चोराचं भागतं. आत पत्ता असतो, फोन नंबर असतो, वॉलेटमध्ये शिल्लक असते, गिफ्ट कार्ड असतं. मिनिटाला हजारो किल्ल्या लावून बघणाऱ्या यंत्राला दारातच अडवायला ही चित्रं आहेत.

आता तुमची वाट संशयाची का वाटली असेल ते बघू. मोबाइल कंपन्यांकडं इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते कमी आणि ग्राहक अफाट. म्हणून एकाच पत्त्याच्या मागं शेकडो, कधी हजारो फोन असतात. त्यातल्या एखाद्या फोनमध्ये खोडसाळ अ‍ॅप बसलेलं असलं आणि ते कुठल्या साइटवर धडका मारत असलं, तर त्या पत्त्याची पत जाते आणि फटका तुम्हालाही बसतो. लातूरला भावाचा मुलगा क्लासला होता, तेव्हा त्याच्या वसतिगृहात हेच मी पाहिलं. साठ-सत्तर पोरं एका वायफायवर. सेल लागला की सगळी एकाच वेळी लॉगिन करायची, आणि सगळ्यांना सायकली आणि बस ओळखायला लागायच्या. तोच पोरगा वायफाय बंद करून स्वतःच्या डेटावर गेला की पहिल्या झटक्यात आत. तुम्ही उलटं करून बघा. डेटावर अडत असेल तर घरच्या किंवा शेजारच्या खात्रीच्या वायफायवर बघा. वायफाय नसेल तर फोन दहा-पंधरा सेकंद एरोप्लेन मोडवर टाका आणि परत काढा. बहुतेक वेळा कंपनी नवा पत्ता देते आणि चित्रं थांबतात.

फोनमध्ये फुकटातला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच पत्त्यावरून फिरवून आणणारं अ‍ॅप, असला तर तो बंद करा. क्रिकेट नाहीतर सिनेमा बघायला घरातल्या पोरांनी टाकलेला असतो आणि मोठ्यांना पत्ताच नसतो. वर कोपऱ्यात किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर तो चालू आहे. त्यातून गेलं की तुम्ही गेवराईतून नाही, कुठल्या तरी परदेशातल्या, आधीच बदनाम झालेल्या पत्त्यावरून आल्यासारख्या दिसता. यूसी ब्राउझरवर आपल्याकडं २०२० च्या जूनमध्ये बंदी आली, तरी खेड्यातल्या जुन्या फोनमध्ये मला तो अजून सापडतो. काढून टाका. डेटा वाचवणारे ब्राउझर पान स्वतःच्या सर्व्हरवरून फिरवून आणतात, त्यांनाही तीच अडचण येते. साधा क्रोम वापरा, प्ले स्टोअरमधून अपडेट केलेला. इन्कॉग्निटोमध्ये लॉगिन करू नका, कारण तिथं तुमची जुनी ओळख पुसलेली असते आणि दर वेळी तुम्ही नव्यानं आलेल्या ठरता. ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे साइटनं ठेवलेली तुमची ओळख, रोज पुसली तरी हेच होतं, सकाळी तुम्ही परक्या. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरच्या जाहिरातीवर बोट ठेवलं की साइट त्या अ‍ॅपच्याच पोटात उघडते, तिथंही तुमची ओळख नसते.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच मनात येत नाही. मागच्या वर्षी पाथरीकडची एक आई तिच्या मुलीला घेऊन आली होती. शाळेचं दप्तर मागवायचं होतं. फोनची काच तडकलेली, बॅटरी फुगलेली, मागचं झाकण रबर बँडनं धरून ठेवलेलं. मुलीनं माझ्यासमोर चार वेळा चित्रं ओळखली. एकही चूक नाही, पोरीची नजर तीक्ष्ण होती. तरी पाचव्यांदा पुन्हा चौकोन. मी फोन हातात घेतला आणि वरचं घड्याळ बघितलं. भिंतीवर दुपारचे पावणेतीन, फोनमध्ये पहाटेचे पाच, आणि तारीख कालची. बॅटरी सैल झाली की फोन बंद पडायचा आणि घड्याळ मागं राहायचं. सेटिंगमध्ये जाऊन तारीख आणि वेळ आपोआप घ्यायचं बटण चालू केलं. पुढच्या वेळी नुसत्या खुणेवर खातं उघडलं. या तपासणीत दिलेला परवाना काही मिनिटांपुरताच असतो. घड्याळ चुकलं की हातात आलेला परवाना शिळाच निघतो. तेव्हापासून माझ्या काउंटरवर कुणी फोन ठेवला की मी आधी घड्याळ बघतो, मग बाकीचं.

हे सगळं करून चित्रं आलीच तर कशी सोडवायची तेही सांगतो, कारण त्यातही लोक विनाकारण थकतात. दोन प्रकार नीट ओळखा. नऊ चौकोनांत नऊ वेगवेगळे फोटो असतील आणि बोट लावलेला फोटो विरून त्या जागी नवा येत असेल, तर नवा येईपर्यंत थांबायचं, त्यातही बस असेल तर तीही दाबायची, आणि एकही बस उरली नाही की मगच ‘पडताळा’वर जायचं. बरेच जण पहिल्या तीन दाबून लगेच पुढं जातात आणि तिथंच अडकतात. दुसऱ्या प्रकारात एकच मोठा फोटो सोळा चौकोनांत कापलेला असतो. तिथं सिग्नलचा दिवा ज्या ज्या चौकोनात ठळक दिसतो ते घ्यायचे. खांब घ्यायचा का, कडेला आलेली दोऱ्याएवढी कड घ्यायची का, यावर लोक माझ्याशी वाद घालतात. मी खांब सोडतो, कड सोडतो, आणि माझं काम होतं. एवढ्या बारकाव्यावर पास-नापास ठरत नाही, थोडं इकडं-तिकडं चालतं.

फोटो बहुतेक अमेरिकेतल्या रस्त्यांचे असतात, हे लक्षात ठेवलं तर निम्मी अडचण संपते. ‘फायर हायड्रंट’ मागितलं तर आपल्याकडच्या माणसानं ते जन्मात पाहिलेलं नसतं. फुटपाथच्या कडेला गुडघ्याएवढी उंच, लाल किंवा पिवळी, दोन्ही बाजूंना कान असलेली लोखंडी टोटी असते. आग विझवायला पाणी घेण्याची सोय ती. ‘क्रॉसवॉक’ म्हणजे झेब्रा क्रॉसिंग, पण तिकडं नुसत्या दोन पांढऱ्या रेघा असल्या तरी ते क्रॉसवॉकच. ‘पार्किंग मीटर’ म्हणजे खांबावर बसवलेली डब्यासारखी मशीन. स्कूल बस पिवळी आणि लांब नाकाची असते. चित्र कळलं नाही तर खाली गोल बाणाचं चिन्ह असतं, ते दाबून दुसरं मागवा, त्यात कमीपणा नाही. शेजारी हेडफोनचं चिन्ह असतं. ते दाबलं की आवाज येतो आणि ऐकलेलं टाइप करायचं. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे, पण आवाज बहुधा इंग्रजी आणि घोगरा असतो, म्हणून आजी-आजोबांच्या बाबतीत मी शेजारी बसून चित्रंच वाचून दाखवतो आणि बोट त्यांचं त्यांनाच ठेवायला सांगतो.

सगळी चित्रं पटापटा दाबू नका. आणि तीन-चार वेळा अडलं की थांबा. चुकलं की लगेच पुन्हा, पुन्हा चुकलं की पुन्हा, ही घाई यंत्राच्या वागण्याशीच जास्त जुळते आणि शंका वाढत जाते. तास-दोन तास फोन बाजूला ठेवा.

अक्षरांचा कॅप्चा आला तर आधी कीबोर्ड बघा. आपल्या फोनवर मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो, आणि काही कीबोर्डवर आकडेही मराठी येतात. डोळ्याला पाच तो पाचच दिसतो, पण संगणकाच्या लेखी मराठी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी अक्षरं आहेत. ओटीपी बरोबर टाकूनही ‘चुकीचा’ म्हणतंय अशा तक्रारीत मला हे कितीदा तरी सापडलंय. इंग्रजी कीबोर्ड घ्या, पहिलं अक्षर आपोआप मोठं होतंय का ते बघा, आणि कीबोर्डनं सुचवलेला शब्द दाबल्यावर शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते, ती पुसा.

पुतण्याच्या एक्स्टेन्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. टाकू नका. मुलगा मदतीच्या भावनेनंच सांगतोय, त्याला रागावू नका, पण ते टाकताना ब्राउझर काय विचारतो ते त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. ‘तुम्ही भेट देता त्या सर्व साइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’, अशा अर्थाचं वाक्य असतं. सर्व साइट म्हणजे बँकही आली. चित्रं ओळखायचा कंटाळा वाचवायला आपण घराची किल्ली कुणा अनोळखी माणसाच्या हातात का द्यायची? शिवाय यंत्राकडून सोडवून घेतलेलं ओळखू येऊ शकतं आणि मग खातंच गोठवलं जाऊ शकतं.

आता जे सांगतो त्याकडं मात्र नीट लक्ष द्या, कारण खरा धोका इथं आहे. खोटी तपासणी. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडं काम शिकणारा मुलगा एका ग्राहकासाठी साड्यांची साइट शोधत होता. सर्चमध्ये आलेल्या जाहिरातीवर त्यानं दाबलं. पान आलं, अगदी ओळखीचं, तोच चौकोन, तेच ‘मी रोबोट नाही’. त्यानं खूण केली. खाली तीन ओळी उमटल्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. कंट्रोल आणि व्ही दाबा. एंटर दाबा. पोरानं पहिली दोन करून झाली होती. डाव्या कोपऱ्यात छोटी पांढरी चौकट उघडली होती, त्यात एक लांबलचक ओळ येऊन बसली होती, आणि त्याचं बोट एंटरवर होतं. मी पलीकडून ओरडलो, हात काढ. ती ओळ आम्ही नोटपॅडमध्ये चिकटवून बघितली. सुरुवातीलाच ‘पॉवरशेल’ (विंडोजला हुकूम देण्याचं साधन) हा शब्द, मग एक अनोळखी पत्ता, आणि शेवटी, चौकटीत फक्त तेवढंच दिसावं म्हणून, ‘मी रोबोट नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. एंटर दाबला असता तर तो प्रोग्राम उतरला असता आणि ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड घेऊन गेला असता. माझ्या केंद्रातल्या त्या संगणकावर तालुक्यातल्या किती जणांची कामं चालतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा प्रकार २०२४ पासून जगभर पसरलाय, आणि तो फसवणारा प्रोग्राम तुम्ही स्वतःच्या हातानं चालवता म्हणून अँटिव्हायरसलाही बऱ्याचदा चकवतो.

मोबाइलवर याचा धाकटा भाऊ भेटतो. ‘तुम्ही रोबोट नसाल तर अलाऊ दाबा.’ ते दाबलं की त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायचा परवाना मिळतो आणि दिवसभर ‘फोनमध्ये व्हायरस सापडला’, ‘तुम्हाला बक्षीस लागलं’ असे निरोप सुरू होतात. घाबरून लोक त्यावर दाबतात आणि पुढं फसतात. तुमच्या फोनवर असं होत असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, आणि तिथं अनोळखी नावं दिसतील ती ब्लॉक करा. पाच मिनिटांचं काम आहे.

खरी तपासणी फक्त ओळखायला सांगते. खूण करा, चित्र ओळखा, अक्षरं टाका, तुकडा सरकवून जागेवर बसवा. ‘रोबोट नाही’ हे सिद्ध करायला ती कधीही अ‍ॅप उतरवायला सांगत नाही, नोटिफिकेशनचा परवाना मागत नाही, कीबोर्डची बटणं एकत्र दाबायला लावत नाही, कार्डाचा नंबर किंवा यूपीआय पिन विचारत नाही, एक रुपयाही पाठवायला सांगत नाही. यातलं काहीही आलं की पान बंद.

आता ओटीपीचं. ही तुमची खरी अडचण आहे आणि ती चित्रांपेक्षा वेगळी आहे. चित्रं विचारतात, माणूस आहे का. ओटीपी विचारतो, हाच माणूस आहे का. आपल्या भागात हे दुखणं फार मोठं आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची किती माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडावर रिचार्ज करायला वेळ नाही आणि रेंजही नाही. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं घरी येतात तोवर जुनं सिम बंद झालेलं असतं, मग नवं घेतात. पण खरेदीचं खातं, गॅस, बँक, सगळं जुन्या नंबरावर. सलग ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर आणखी ९० दिवस थांबून दुसऱ्या कुणाला देता येतो. म्हणजे तुमचा ओटीपी एखाद्या तिऱ्हाइताच्या फोनवर वाजू शकतो. तुमच्या मिस्टरांचा नंबर बंद होऊन किती दिवस झाले ते आधी बघा. फार दिवस झाले नसतील तर त्याच कंपनीच्या दुकानात आधार कार्ड घेऊन जा. ज्याच्या नावावर सिम होतं त्यानं स्वतः जायला हवं. तोच नंबर परत मिळाला तर निम्मं काम तिथंच होईल.

नाही मिळाला तर दुसऱ्या वाटा आहेत. घरातल्या एखाद्या फोनवर किंवा मुलाच्या टॅबवर त्या खात्याचं अ‍ॅप आधीच उघडं आहे का ते बघा. तिथून आत जाऊन नंबर बदलता येतो, काही ठिकाणी जुन्या नंबराऐवजी ईमेलवर ओटीपी मागवता येतो. खात्याला ईमेल जोडलेला असेल तर लॉगिनच्या पानावर मोबाइलऐवजी ईमेल टाका. तेही नसेल तर अ‍ॅपमधल्याच ‘मदत’ विभागातून ग्राहक सेवेशी बोला. ते जुन्या ऑर्डरचा क्रमांक, पिन कोड, शेवटी काय मागवलं होतं असं विचारतील, म्हणून जुन्या पार्सलवरची चिठ्ठी किंवा बिल जपलेलं असेल तर जवळ ठेवा. ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर मात्र शोधू नका. अंबाजोगाईच्या एका निवृत्त शिक्षकांनी असाच वरचा नंबर लावला. समोरचा गोड बोलला, ‘सर, स्क्रीन दाखवणारं एक अ‍ॅप घ्या, मी इथून कॅप्चा भरून देतो’ म्हणाला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खात्यातून पैसे गेले. असं कुणाच्या बाबतीत झालं तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. पैसे पुढं सरकायच्या आत कळवलं तर अडवता येण्याची शक्यता असते. सकाळी बघू म्हणून थांबायचं नाही.

खात्यात शिरलात की तीन कामं लगेच करा. नंबर तुमच्या स्वतःच्या नावावरच्या सिमचा टाका, मिस्टरांचा नको, कारण पुढच्या हंगामात ते फडावर असतील आणि ओटीपी तिकडं वाजेल. पासवर्ड बदला, आणि तो दुसरीकडं कुठं वापरलेला नसावा. मग कंपनीचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घेऊन त्यात एकदाच लॉगिन करा आणि दर वेळी बाहेर पडू नका. स्वतःच्या फोनवर खातं उघडं ठेवायला हरकत नाही, फक्त फोनला कुलूप असू द्या. ओळखीच्या फोनवर चित्रं फार क्वचित येतात. माझ्या केंद्रासारख्या ठिकाणी लॉगिन केलं असेल तर मात्र उठताना लॉगआउट करूनच उठायचं, आणि ओटीपी मला सुद्धा सांगायचा नाही. मी ग्राहकांना कीबोर्ड पुढं सरकवून देतो, त्यांनी स्वतः टाकायचा.

जाऊबाईंच्या कामाबद्दल शेवटी सांगतो. असं काम असतं, पण त्यातून घर चालत नाही. परदेशी कंपन्या हजार कॅप्चा सोडवले तर एखादा डॉलर, बऱ्याचदा त्याहून कमी देतात, आणि ते कॅप्चा चोरांच्या यंत्रांनी अडकून पुढं पाठवलेले असतात. म्हणजे तुमच्याच खात्यावर किल्ल्या लावणाऱ्याला आपणच दार उघडून द्यायचं. गावात ज्या जाहिराती फिरतात त्या तर त्याहून वाईट. महिना वीस-पंचवीस हजार सांगतात, आधी नोंदणीचे पैसे घेतात, मोबाइलवर करारावर सही घेतात, मग दहा दिवसांत ‘तुमची अचूकता कमी पडली’ म्हणून वकिलाची नोटीस पाठवतात आणि कोर्टाची भीती घालून आणखी पैसे मागतात. माजलगावात अशा नोटिसा घेऊन रडत आलेल्या तीन मुली मी पाहिल्यात. त्यांना मी जे सांगितलं तेच जाऊबाईंना सांगा. पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर त्याची पावती, चॅट आणि ती नोटीस जपून ठेवा, आणखी एक रुपया देऊ नका, आणि १९३० वर नाहीतर गेवराईच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल तर ती घेऊन या, मी वाचून देतो.